शेऱ्याच्या रकान्यातला एक शब्द

मुंबईहून दर महिन्याला टपालाने एक छापील फॉर्म येत असे. पातळ निळसर कागद, इंग्रजीत सतरा प्रश्न आणि सगळ्यांच्या खाली एक मोठा रिकामा रकाना. त्या रकान्यावर जो इंग्रजी शब्द छापलेला होता त्याला वडिलांच्या वकिलीच्या कागदांत शेरा म्हणत, म्हणून आम्हीही शेराच म्हणू लागलो. मी तो कागद घेऊन महाडहून सर्व्हिस मोटारीने पोलादपूरला ताईकडे जायची. ती मुलाला मांडीवर घेऊन बसायची. मी एकेक प्रश्न मराठीत विचारायची, ती सांगायची आणि मी इंग्रजीत लिहायची. खोकला किती वेळा येतो, कफ कसा पडतो, शौचाचा रंग कसा, वजन किती, खातो काय. शेऱ्यात आईला आणखी काही सांगावंसं वाटलं तर ते लिहायचं होतं.

एका महिन्यात मी त्या रकान्यात एकच शब्द लिहिला. बाकी सगळं मी कोणाला ना कोणाला सांगितलं आहे. तेवढंच कागदावर यायचं राहिलं आहे.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. आई गेली तेव्हा मी सहाची आणि ताई तेराची. मला मुंबईला मामांकडे पाठवलं. मामांनी मिशनच्या मुलींच्या शाळेत घातलं. तिथे सकाळच्या प्रार्थनेपासून संध्याकाळच्या शिवणकामापर्यंत सगळं इंग्रजीत चाले. ताई महाडलाच आत्याच्या हाताखाली राहिली. मराठी चौथीनंतर तिची शाळा सुटलेलीच होती आणि पुढे पोलादपूरच्या एका शाळामास्तरांना तिला दिली. मॅट्रिक होऊन मी महाडला परत आले तेव्हा आम्ही दोघी बहिणी एकमेकींशी पाहुण्यांसारख्या बोलत होतो. ती मला "चहा घेणार ना?" असं विचारी. मी "हो, चालेल," म्हणे. पुढे काय बोलायचं ते दोघींनाही सुचत नसे.

ताईच्या सासूबाईंना मात्र सुचे. "मडम आल्या, मडम! खुर्ची द्या गं त्यांना, पाटावर बसवू नका!" त्या घरात खुर्ची एकच होती, भावजींची, आणि तिच्यावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा असे. मी पाटावरच बसायची. पण कानशिलं तापायची ती तापायचीच.

ताईची पहिली मुलगी पाच महिन्यांची होऊन गेली होती. खोकल्याचं निमित्त झालं, एवढंच मला मुंबईत पत्राने कळलं. मी तिला पाहिलंसुद्धा नाही. दुसरा हा मुलगा. मी परत आले तेव्हा तो दीड वर्षाचा होता. हातपाय काड्यांसारखे, पोट तेवढं पुढे. सारखा खोकला. आणि भूक तर अशी की भात संपला की तो वाटी उलटी करून डोक्यावर ठेवी आणि आमच्याकडे पाहत बसे. वाटी भरली की हसे. सासूबाई प्रत्येक घासावर तूप सोडत. त्या पोटाला काही लागत नव्हतं. दुपटी धुताना ताई नाकाला पदर लावी आणि मोरीतल्या पाण्यावर तेलाचा तवंग येई.

महाडच्या डॉक्टरांनी वर्षभर औषधं दिली आणि शेवटी हात टेकून एक चिठ्ठी लिहून दिली. मुंबईच्या एका वैद्यकीय कॉलेजात अशाच मुलांचा अभ्यास चालतो, विद्यापीठाने त्यासाठी वेगळी जागा दिली आहे, तिथे दाखवा, असं त्यांनी सांगितलं.

मार्गशीर्षात आम्ही गेलो. ताई, भावजी, मुलगा आणि इंग्रजी बोलायला मी. मोटारीने धरमतरपर्यंत आणि तिथून बोटीने मुंबई. ताईने समुद्र पहिल्यांदाच पाहिला. थोडा वेळ पाहिला आणि मग तोंड आत वळवून मुलाला पाजत बसली.

संशोधन केंद्र असं त्याचं भारदस्त नाव होतं. खोल्या दोन होत्या. एका खोलीत आजारी मुलांना घेऊन त्यांच्या आया बसायच्या. दुसरीत पांढऱ्या फरशीचं लांब टेबल, काचेच्या नळ्या, कपाटातून ओळीने बरण्या, खिडकीपाशी सूक्ष्मदर्शक आणि सगळीकडे फिनेलचा वास. मला तो वास त्या दिवसापासून आवडतो. हे कोणाला सांगण्यासारखं नाही.

तिथल्या मुख्य डॉक्टरबाई पारशी होत्या. उंच, केस आखूड कापलेले, कोटाच्या खिशात पेन्सिलींचे तुकडे. त्यांनी मुलाला उघडं करून अर्धा तास तपासलं. नाकातून बारीक रबरी नळी पोटात उतरवली तेव्हा तो रडून रडून निळा झाला आणि ताईने माझ्या मनगटात नखं रुतवली. बाईंनी तिच्याकडे वळून मराठीत म्हटलं, "तुमी घाबरू नको, बाई. मी पण घाबरते. पण करते."

ताई त्या रडण्यातही हसली.

नंतर त्यांनी मला खिडकीपाशी बोलावलं. काचेच्या पट्टीवर त्यांनी मुलाच्या शौचाचा थेंब पसरून त्यावर रंग घातला होता. "पाहा," त्या इंग्रजीत म्हणाल्या. मी डोळा लावला. गोल गोल, केशरी-लाल, झगझगीत थेंब. शेकडो. मी इतकं सुंदर काही पाहिलं नव्हतं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"तुमच्या घरचं तूप," त्या म्हणाल्या. "जसं गेलं तसं बाहेर आलं. पोटात एक ग्रंथी असते, तिचा रस अन्न पचवतो. ह्या मुलांत तो रस आतड्यात उतरतच नाही. फुप्फुसातला कफसुद्धा डिंकासारखा घट्ट होतो. का, ते ठाऊक नाही. ह्याला अजून धड नावही नाही. जगात ज्यांनी हे नीट पाहिलंय ते सगळे एका खोलीत मावतील."

मी भाषांतर करून सांगितलं. भावजी म्हणाले, "बरं होईल का, विचारा."

बाई म्हणाल्या, "बरी झालेली मुलं मी पाहिलेली नाहीत. जास्त दिवस राहिलेली पाहिली आहेत." मी ताईला म्हटलं, "बरंच सुधारेल म्हणतात." हे माझं पहिलं गाळणं. मग त्यांनी पुड्या दिल्या. प्रत्येक जेवणाआधी एक, केळ्यात कुस्करून. तूप बंद, दूध साय काढून. पुडीतली पूड जनावराच्या ग्रंथीपासून काढलेली होती. "हे त्यांना सांगणार का?" बाईंनी मला हळूच विचारलं. मी ताईकडे पाहिलं, भावजींच्या गळ्यातल्या जानव्याकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. हे दुसरं.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली. बाईंचे एक मदतनीस होते, वयस्कर, चष्मेवाले. ते आलेले फॉर्म लावत बसले होते. एकीने शेऱ्यात लिहवलं होतं की ग्रहण लागलेलं असताना ती सुरीने भोपळा चिरत होती म्हणून मूल असं झालं. ते त्यांनी मोठ्याने वाचलं आणि हसले. "ह्या खेड्यातल्या बाया! रकाना रिकामा दिला की देव, भूत, भोपळा, सगळं कोंबतात!" डॉक्टरबाई हसल्या नाहीत. मी हसले. ताई बाकावर बसली होती, तिला इंग्रजी कळत नव्हतं. मला हसताना पाहून तीही थोडीशी हसली.

निघताना बाई मला म्हणाल्या, "वडिलांना विचार. मला इथे एक मुलगी हवी आहे. आयांचं बोलणं ऐकून जसंच्या तसं लिहिणारी. पुढे शिकायचं असेल तर तीही सोय होईल." परतीच्या बोटीत डोळे मिटले की केशरी थेंब दिसत होते. वडिलांना कसं विचारायचं त्याची वाक्यं मी धरमतरपर्यंत मनात जुळवत होते. ती जुळवलेली वाक्यं नंतर मी बरेच दिवस जपून ठेवली. विचारलं मात्र नाही. आधी मुलगा सुधारू दे, मग, असं म्हणत राहिले.

आणि तो सुधारला. माघात त्याला वाण्याच्या तराजूत बसवला तेव्हा वाणीच ओरडला, "मास्तर, पोरगं वाढलं की!" पोलादपूरच्या बाजारात त्या दिवशी तराजूभोवती दहा माणसं जमली होती. मी वजनाचे पौंड करून फॉर्मात लिहिले आणि घाईत आकडा दोनदा गिरवला. तो भिंतीला धरून उभा राहू लागला. मला 'मम' म्हणू लागला. सासूबाई म्हणत, "घ्या! हाही मडमच म्हणतोय."

मला लहान मुलं कधी फारशी जमली नव्हती. ती मला पाहून रडायची. हा रडत नसे. मी जेवून उठले की रांगत यायचा, माझा उजवा हात ओढायचा आणि बोटं चाटायचा. हात धुतला असला तरी चाटायचा. मनगटापर्यंत. मला गुदगुल्या व्हायच्या आणि मी एरवी हसते त्यापेक्षा मोठ्याने हसायची. ताई स्वयंपाकघरातून डोकावून पाहायची. त्या मुलाने आम्हा दोघींना पुन्हा बहिणी केलं होतं.

त्याला न्हाऊ घालायला जवळच्या कापडे गावची एक म्हातारी येत असे. तिचं माहेर खाली दासगावच्या पुढे खाडीकडचं. फाल्गुन सरता सरता उन्हं वाढली तशी एक दिवस ती मुलाला पायांवर घेऊन बसली होती. त्याच्या कपाळावर घाम वाळून बारीक पांढरी रेघ उमटली होती. तिने ती बोटाने पुसली आणि बोट जिभेला लावलं.

"गो वैनी," ती म्हणाली, "पोर खारं हाय तुजं."

ताई दारात उभी होती. "मला ठाऊक आहे. पापी घेतली की खारट लागतो. पहिलीही लागायची."

"आन् बोलली नाय ती?"

"त्यात काय बोलायचं? मला वाटलं सगळीच लागतात."

"सगली नाय लागत. मी सात काडली, एक बी खारं नव्हतं." म्हातारीने मुलाला उलटं करून पाठीवर पाणी सोडलं. "आमच्याकडं बांध फुटला आन् खाडीचं पानी शेतात शिरलं का भात धरत नाय. मंग काय करायचं? मीठ घालायचं का आनखी? नाय. गोडं पानी कोंडायचं. खार धुऊन जातो, मंग जमीन धरते. हेचं बी तसंच हाय. हेला अलनी घाला. मीठ एक कन नाय. दोन टाइम गोड्या पान्यानं न्हाऊ घाला. खार उतरंल आन् पोर धरंल."

हे बोलणं त्या घरात सगळ्यांना पटलं. मलाही ते ऐकताना पटलं होतं, हे कबूल केलं पाहिजे. खारवट जमीन सगळ्यांनी पाहिलेली होती. सासूबाईंनी त्याच दिवशी त्याची पेज अळणी केली, ताक अळणी केलं आणि मिठाचं मडकं वरच्या फळीवर चढवलं. कारण तो रांगत जाऊन त्याच मडक्यापाशी बसायचा.

भावजी म्हणाले, "करा, पण फॉर्मात लिहा. त्या काय म्हणतात ते कळू दे."

म्हणून चैत्रात फॉर्म भरताना, सतरा प्रश्न झाल्यावर, ताई सरसावून बसली. एरवी ती शेऱ्यात काही नाही म्हणायची. त्या दिवशी तिने पदर नीट केला आणि शाळेत कविता म्हणावी तसं ठरवून सांगितलं, "लिही. मुलाचा मुका घेतला की तो खारट लागतो. पहिली मुलगीही तशीच होती. घाम वाळला की त्याच्या कपाळावर मीठ दिसतं. म्हणून आम्ही त्याला अळणी देतो, ते बरोबर की चूक ते कळवा."

माझी लेखणी कागदाला टेकलेली होती. मला ते चष्मेवाले दिसले. ते हे मोठ्याने वाचणार. देव, भूत, भोपळा आणि आता मीठ. डॉक्टरबाई खिडकीपाशी उभ्या असणार आणि त्यांना वाटणार, ही मुलगीसुद्धा अशीच. मी एक शब्द लिहिला. 'काही नाही' अशा अर्थाचा, चार अक्षरांचा, माझ्या शाळेत घोटून घेतलेल्या वळणदार अक्षरात. आणि कागदाची घडी केली.

"झालं?" ताईने विचारलं.

"झालं."

पुढच्या महिन्यात तो माझी बोटं जास्तच चाटू लागला. कधी कधी दातांनी ओढायचा. फळीकडे हात करून रडायचा. आम्हाला वाटे त्याला फळीवरची खेळण्यातली बैलगाडी हवी आहे. ती दिली तर तो ती फेकून द्यायचा.

वैशाखात चार दिवस असा उकाडा झाला की पोलादपूरच्या रस्त्यावर दुपारी कुत्रं फिरकत नव्हतं. डोंगरांनी चहूबाजूंनी कोंडलेलं गाव, वाऱ्याला यायला वाट नाही. मुलगा घामाने निथळत होता. दुसऱ्या दिवशी त्याला उलट्या सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी तो रडेनासा झाला. भावजींनी महाडला निरोप धाडला, वडील डॉक्टरांना घेऊन मोटारीने आले, मीही आले. तोवर तो ताईच्या मांडीवर ओल्या कपड्यासारखा पडला होता. खोकलासुद्धा येत नव्हता. मी माझा हात त्याच्या तोंडापाशी नेला. त्याने जीभ बाहेर काढली, माझ्या बोटाला लावली आणि तशीच ठेवली.

संध्याकाळी तो गेला. एवढ्या लहान मुलांना जाळत नाहीत, सावित्रीच्या काठी पुरतात. भावजींनी त्याला दोन्ही हातांवर घेतला आणि उतारावरून चालत गेले. ताई ओट्यावर उभी राहून म्हणाली, "अहो, सावलीतून न्या."

मी फॉर्मवर आडवी रेघ ओढून तारीख लिहिली आणि मुंबईला पाठवून दिला. वडिलांशी बोलायची ती जुळवलेली वाक्यं तेव्हाच कधीतरी मोडली.

भाद्रपदात डॉक्टरबाईंचं पत्र आलं. छापील नव्हे, हाताने लिहिलेलं. आधी त्यांनी मुलाबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या. त्याने त्यांच्या खिशातली पेन्सिल पळवली होती, ते त्यांच्या लक्षात होतं. मग लिहिलं होतं, "तुला एक विचारायचं आहे. फॉर्मात हा प्रश्न नाही, कारण तो मला सुचला नव्हता. इथे दोन आयांनी, एक सुरतेकडची आणि एक इथलीच, मला सांगितलं की मुलाचा मुका घेतला की खारट लागतो. त्या एकमेकींना ओळखत नाहीत. दोन्ही मुलांना हाच आजार आहे. याचा अर्थ आम्हाला कळत नाही, कदाचित अर्थ नसेलही. तुझ्या बहिणीने असं कधी काही म्हटलं होतं का? आठवून, जसंच्या तसं लिही."

ते पत्र मी आठ दिवस एका पुस्तकात ठेवलं. रोज काढायची, घडी उलगडायची, परत ठेवायची.

ताईला तेव्हा सातवा महिना होता. तिसरं. तिच्या वाट्याला काय येणार हे कोणी बोलत नव्हतं, आणि त्या घरात दुसरं काही मनात नव्हतंच. आश्विनात मी पोलादपूरला गेले. कापड्याहून नवं भात आलेलं होतं, ताई पडवीत सूप घेऊन पाखडत होती. सासूबाई देवळात गेल्या होत्या. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले.

"ताई, चैत्रातला फॉर्म आठवतो?"

"हं."

"तू शेऱ्यात सांगितलं होतंस. खारट लागतो ते, अळणी देतो ते. मी लिहिलं नव्हतं."

सूप थांबलं नाही. कोंडा उडत राहिला.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली.

"कसं?"

"अगं, मी एवढं मोठं सांगितलं आणि तू एवढंसं लिहिलंस." तिने अंगठा आणि बोट जवळ आणून माप दाखवलं. "आधी वाटलं, इंग्रजीत तेवढ्यात मावत असेल."

मी पत्र काढून तिला वाचून दाखवलं, एकेक ओळ मराठीत, काहीही न गाळता. सुरतेकडच्या बाईचं आलं तेव्हा तिने सूप खाली ठेवलं.

"म्हणजे तिचाही?"

"हो."

"आणि पोरं आहेत त्यांची?"

"ते लिहिलेलं नाही."

ताईने विचारलं, "तू लिहिलं असतंस तर काय झालं असतं?"

"माहीत नाही. त्यांनाही तेव्हा माहीत नव्हतं. कदाचित म्हणाल्या असत्या, मीठ तोडू नका. कदाचित काहीच म्हणाल्या नसत्या."

"कदाचित," ताई म्हणाली. मग म्हणाली, "पुड्यांत काय होतं तेही नव्हतंस सांगितलं."

मी दचकले.

"वासावरून कळत नाही का गं मला? मी काय लहान आहे? पण त्याने पोर उभं राहिलं, म्हणून गप्प बसले. तुझं ते न सांगणं फळलं. मग वाटलं, हेही तू जाणूनच लिहिलं नसशील. शिकलेली आहेस." तिने सूप परत उचललं, पण पाखडलं नाही. "हसतील म्हणून नाही लिहिलंस, होय ना? तिथे ते असलेच कागद वाचत होते तेव्हा तू हसली होतीस. मी पाहिलं होतं."

"हो."

सुपातल्या भातावरून हात फिरवत ती म्हणाली, "तो तुझी बोटं चाटायचा. त्याला कळत होतं. आपल्यालाच कळलं नाही." आणि मग, "आता लिही. सगळं लिही. म्हातारीचंसुद्धा."

मी पडवीतच बसून लिहिलं. बांध, खाडीचं पाणी, अळणी पेज, फळीवरचं मडकं, बोटं. चैत्रातला तो शब्द मी लिहिला होता आणि तो खोटा होता, हेही. पाच पानं झाली. उत्तरात बाईंनी मला काही दोष दिला नव्हता. तो दिला असता तर बरं, असं मला पुष्कळदा वाटलं. त्यांनी एवढंच लिहिलं होतं की येणाऱ्या मुलाचं मीठ कोणत्याही कारणाने तोडू नका, ते खारट लागलं तर उन्हाळ्यात पेजेत थोडं जास्तच घाला. "हे मी शास्त्र म्हणून सांगत नाही, अंदाज म्हणून सांगते. शास्त्र यायला वेळ लागेल." पत्राच्या शेवटी त्यांनी विचारलं होतं, "वडिलांना विचारलंस का?"

त्या ओळीचं उत्तर मी आजवर दिलेलं नाही. आयांचं जसंच्या तसं लिहिणारी मुलगी त्यांना हवी होती. महाडला आमच्या माडीच्या खिडकीतून दक्षिणेकडचे डोंगर दिसतात, पण तिथे बसून मला अजूनही दुसरीच खिडकी दिसते. पांढरं टेबल, काचेची पट्टी आणि त्या पट्टीवरच्या केशरी थेंबांत तो, ताईचा मुलगा.

मार्गशीर्षात ताईला मुलगी झाली. रडणं मोठं, पाय जाड. पण ताई तिचा मुका घेत नव्हती. पाजायची, न्हाऊ घालून घ्यायची, पाळणा हलवायची, आणि तोंड जवळ आलं की मान वळवायची. सासूबाई म्हणायच्या, "स्वतःच्या पोरीचा मुका घ्यायला मुहूर्त काढायचाय का?" थंडी होती, मुलीला घाम येत नव्हता. आम्ही सगळे उन्हाची वाट पाहत होतो आणि उन्हाला भीत होतो.

फाल्गुनात ऊन तापलं. मी गेले त्या दुपारी मुलगी पाळण्यात झोपली होती. मानेच्या वळीत आणि कपाळाच्या केसांपाशी ओल आली होती. ताईने मला पाळण्यापाशी ओढलं.

"तू बघ," ती म्हणाली. "माझ्याने नाही होत."

मी वाकले. तिच्या कपाळाला ओठ लावले, मग ओठांवरून जीभ फिरवली. दूध, खोबरेल, बेसनाचा वास. मीठ आपल्या कोणाच्याही घामाला असतं तेवढंच, म्हणजे नव्हतंच. खात्री व्हावी म्हणून मी मानेपाशी पुन्हा ओठ लावले. खरं सांगायचं तर ते खात्रीसाठी नव्हतं. मी तिथे त्याला शोधत होते.

"नाही," मी म्हटलं. "खारट नाही."

"नक्की?"

"तूच बघ."

ताईने मुलीला उचललं. तिच्या कपाळावर, गालांवर, कानांमागे, तळव्यांवर मुके घेत सुटली. मुलगी जागी होऊन किंचाळायला लागली. ताई हसत होती. मग हसताहसताच थांबली आणि मुलीच्या डोक्यावर गाल ठेवून उभी राहिली. "हिला काहीच चव नाही गं," ती म्हणाली. मला कळलं ती काय म्हणत होती.

बाईंनी नव्या मुलीसाठीही फॉर्म पाठवला होता. त्या दिवशीच भरला. सतरा प्रश्नांची उत्तरं पटापट झाली, सगळी चांगली होती. शेऱ्याच्या रकान्यावर लेखणी आली तशी ताई पदर नीट करून बसली.

"लिही. मुलगी खारट नाही. मी स्वतः पाहिलं." मी लिहिलं. "तिचं मीठ तोडलेलं नाही." लिहिलं. ती थांबली. "लिही, तो खारट होता. त्याच्या आधीची होती. आमच्या लक्षात होतं आणि आम्ही सांगितलं होतं." मी लिहिलं. "लिही, त्या सुरतेकडच्या बाईला माझा निरोप सांगा. म्हणावं, मूल अळणी ठेवू नको."

हे सगळं लिहिलं तेव्हा रकाना भरून समासात गेला होता. ताईने कागद स्वतःकडे ओढला. तिला त्यातलं इंग्रजी अक्षर एकही वाचता येत नव्हतं. तिने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि हळूहळू एकेक ओळ खाली येत मोजलं.